एच नाही, हेच

माझी आई इंग्रजीतल्या आठव्या अक्षराला ‘हेच’ म्हणते. एच नाही, हेच. आणि तेही इतकं ठणकावून, की नागपुरात ती फोनवर स्पेलिंग सांगायला बसली की वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचं बाळ झोपेतून उठून बसायचं, आणि एकदा तर ते थेट रांगायला लागलं. गॅसच्या एजन्सीशी झालेला तिचा संवाद आमच्या घराण्यात आरतीसारखा पाठ आहे.

“आडनावाचं स्पेलिंग सांगा.”

“लिहा. एस, हेच...”

“हेच म्हणजे कोणतं?”

“हेच म्हणजे हेच!”

“अहो काकू, पण कोणतं ते सांगा ना!”

“हेच तर सांगून राहिली मी!”

त्या महिन्यात आमचा सिलिंडर कोणाच्या घरी गेला, कोण जाणे. आम्ही आठवडाभर पोहे भिजवून खाल्ले. पण आईनं अक्षर सोडलं नाही. “आम्हाला इंग्रजी आयर्लंडच्या सिस्टरनं शिकवलं आहे,” ती म्हणायची, “तुमच्यासारखं टीव्हीनं नाही.”

ही सिस्टर म्हणजे आईच्या कॉन्व्हेंट शाळेतली नन. उंच, लालबुंद, आणि मे महिन्यात तर इतकी लाल की शाळेसमोर रिक्षा आपोआप थांबायच्या. ऐन तरुणपणी ती घर सोडून निघाली ती नागपुरात येऊन फळ्यापुढे उभी राहिली, आणि पुन्हा काही तिकडे गेली नाही. माझी आपली अशी समजूत आहे की देवानं एके दिवशी मूठभर आयर्लंड उचललं आणि तीर्थासारखं जगावर शिंपडलं. बॉस्टनवर जरा जास्तच सांडलं. ऑस्ट्रेलियावर पडलं, अर्जेंटिनावर पडलं. मग देवानं हात झटकले, तेव्हा बोटाला राहिलेला शेवटचा थेंब उडाला तो नागपुरात, आईच्या वर्गात, पहिल्या बाकावर.

मी हे सांगतोय ते बॉथेलहून. सिअ‍ॅटलच्या बाजूचं गाव. इथं ऑक्टोबरात जी भुरभुर सुरू होते ती मे महिन्यापर्यंत कोणी बंद करायचंच विसरतं, त्यामुळे आमच्या गाडीच्या काचेवर शेवाळ येतं आणि मला शंका आहे की माझ्या बॉसच्या डोक्यावरही आलेलं आहे. आमच्या शेजारी, हिरव्या दाराच्या घरात, आयरिश आजी राहते. हिचा जन्म अमेरिकेतला, हिच्या आईचाही अमेरिकेतला, पण हिची आजी आयर्लंडहून आली म्हणून ही आयरिश. आपल्याकडे नाही का, तीन पिढ्या पुण्यात काढलेला माणूस छाती काढून सांगतो, “आम्ही मूळचे सावंतवाडीचे”? तसंच. मागच्या अंगणात ती बटाटे लावते, आणि त्यांच्याशी इतकं बोलते की मला वाटतं ते लाजेनंच लाल निघतात.

मला ती डार्लिंग म्हणते. पण माझं इंग्रजी तिला कळत नाही. बारा गावचं पाणी प्यायलेला मी, दिवसभर मीटिंगमध्ये इंग्रजीच झाडत असतो. पण कुंपणापाशी आलो की संपलं. एकदा मी तिला सांगितलं की तुमचं गटर तुंबलंय. ती लगबगीनं आत गेली आणि मला बटर आणून दिलं. मी ते घेतलं. गटर अजून तुंबलेलं आहे.

अशा परिस्थितीत आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. आल्या आल्या तिनं मागच्या लाकडी डेकवरच्या सगळ्या कुंड्यांतली फुलझाडं उपटली आणि मेथी पेरली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं. मेथी उगवली. आणि एका सकाळी कुंपणापलीकडून आयरिश आजीनं आईला विचारलं, “काय लावलंयस गं?”

“मेथी,” आई म्हणाली.

आजीच्या भुवया वर गेल्या. “मेथ?”

आता अमेरिकेत हा शब्द कुंपणावरून मोठ्यानं उच्चारायचा नसतो. त्या नावाचा नशेचा एक पदार्थ असतो, त्यापायी पोलीस दारं फोडतात. मी हातातला कप टाकून धावलो. पण आई माझ्याआधी सुरू झाली होती.

“नो, नो. लिसन. एम, ई, टी, हेच, आय!”

आजीनं कुंपणाची फळी घट्ट धरली.

“पुन्हा म्हण.”

“एम, ई, टी...”

“सगळं नको. ते एकच अक्षर.”

“हेच.”

“अजून एकदा?”

आई माझ्याकडे वळली. “हिला कमी ऐकू येतं का रे?”

कमी कुठलं! आजीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडानं ती हसत होती. तिची आजी, आयर्लंडहून आलेली, तीही हेच म्हणायची. बॉस्टनमध्ये ती एका श्रीमंताघरी फरशा पुसायला राहिली होती. तिथली मालकीण पाहुण्यांसमोर तिला बोलवायची, ते अक्षर म्हणायला लावायची, आणि सगळे हसायचे. मग तिच्या मुलांना शाळेनं एच शिकवलं, मुलांनी घरी येऊन आईला हसायला सुरुवात केली, आणि शेवटी ती गेली तेव्हा ते अक्षरही घरातून गेलं. “मला वाटलं होतं, मी ते पुन्हा ऐकणार नाही,” आजी म्हणाली. “आणि ते तुझ्याकडे होतं होय!”

म्हणजे बघा. आयर्लंडमधून निघालेल्या दोघी बायका. एक पश्चिमेला गेली, एक पूर्वेला. पश्चिमेच्या बाईचं अक्षर लोकांनी हसून घालवलं. पूर्वेच्या बाईनं ते माझ्या आईच्या तोंडात नीट जपून ठेवलं, लोणच्यासारखं, आणि आईनं कस्टमला न दाखवता ते बॉथेलला आणलं.

पुढं जे व्हायचं तेच झालं. आईनं नातं काढायला घेतलं. मराठी बाई आणि नातं काढणं! तिला चंद्रावर सोडा, दोन दगडांत चुलतभाऊ शोधून देईल.

“तुमची आजी कुठल्या गावची?”

“क्लेअर.”

“आमची सिस्टर केरीची. शेजारचाच जिल्हा असेल बहुतेक?”

आजी म्हणाली, मधे एक नदी आहे फक्त.

“म्हणजे नागपूर-वर्धा!” आईनं टाळी दिली. “मग तर सोयरीकच. मी तुम्हाला ताई म्हणते.”

आजीनंही आईला ताई म्हणायला सुरुवात केली. त्यामुळे कुंपणावर दोन्ही बाजूंनी ताईच उभ्या. फिल्मला दोघी ‘फिलम’ म्हणतात हेही उघडकीला आलं. मग काय, आता रक्ताच्या तपासणीचीसुद्धा गरज उरली नाही. माझं इंग्रजी मात्र दोघींनाही कळत नव्हतं.

आईनं तिला एक गोष्ट शिकवली. आमच्या भाषेत हेच हा शब्दसुद्धा आहे, ती म्हणाली. हे म्हणजे ‘धिस’. हेच म्हणजे ‘धिस ओन्ली’. दुसरं नाही, तिसरं नाही, तुम्ही कितीही समजावा, हेच. आजीला तो शब्द इतका आवडला की ती जिथं तिथं वापरायला लागली. बेकरीत पावावर बोट ठेवून “हेच!” केसांच्या दुकानात आरशातल्या स्वतःकडे बघून “हेच!” आणि सकाळी मागचं दार उघडून ती कुंपणापलीकडे हाळी द्यायची, “हेच!” आतून आई पोळी लाटता लाटता ओरडायची, “हेच!” दोघी ठीक आहेत, एवढा त्याचा अर्थ. मी झोपेत कूस बदलायचो.

फेब्रुवारीच्या शेवटाला आजी पुढच्या पायरीवरच्या शेवाळावरून घसरली. मनगट मोडलं. प्लास्टर कोपरापर्यंत. आणि फिनिक्सहून तिच्या मुलीचा फोन आला.

मुलगी वाईट नव्हे. कामाची, काळजीची, आणि वाळवंटात राहत असल्यामुळे ओल्या पायऱ्यांवर तिचा मुळीच विश्वास नाही. तिनं सांगितलं, सणाला मी येते. बघते. जमत नसेल तर तुला घेऊनच जाते. खोली तयार आहे, एसी आहे, बाथरूमला दांडे बसवलेत, समोरच डॉक्टर आहे.

सण म्हणजे मार्चमधला तो हिरवा सण, ज्या दिवशी अख्खी अमेरिका एका दिवसापुरती आयरिश होते आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसते. त्या दुपारी आजी दरवर्षी अख्ख्या गल्लीला जेवायला घालते. बटाटे कुस्करून त्यात कोबी, कांद्याची पात आणि लोण्याचा डोंगर.

“माझ्या आजीला गरिबीनं घर सोडायला लावलं,” आजी आईला म्हणाली. “मला काय एक पायरी सोडायला लावणार?” बोलली तोऱ्यात, पण चांगला हात प्लास्टरवरून फिरत होता. “पण एका हातानं बटाटे सोलता येत नाहीत, ताई. ती येऊन बघेल, आणि मला बॅगेत भरेल.”

“मी आहे ना, ताई,” आई म्हणाली.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मग सणाच्या सकाळी बायकोनं फोनवरचं पंचांग पाहिलं आणि कपाळाला हात लावला. एकादशी.

“अहो आई, आज तुमचा उपास.”

“मग?”

“मग कोबी? कांदा?”

आईनं जरा विचार केला. तिचं एक व्रत आहे, एकादशीहून कडक: स्वतः चाखल्याशिवाय लोकांना वाढायचं नाही. एकदा लग्नात आचाऱ्याच्या हातून तिनं झारा काढून घेतला होता. कोबी-कांदा चाखता येत नाही, म्हणजे वाढता येत नाही. पण बटाटा! बटाटा तर चालतोच. “देवाला या लोकांचा सण माहीत आहे,” ती म्हणाली आणि तुपाची बरणी काखेत मारून निघाली.

आजीच्या स्वयंपाकघरात बटाटे किती होते? मी पाहिले आहेत म्हणून सांगतो: खिडकीतून उजेड येत नव्हता. आई, बायको आणि मी सोलत होतो, आणि आजी खुर्चीवर बसून प्लास्टर हलवत सेनापतीसारखी ओरडत होती, “लोणी! अजून लोणी!” आई तूप ओतायची. मग जिरं तडतडलं, हिरव्या मिरच्या पडल्या, दाण्याचं कूट पडलं, चिमूटभर साखर पडली, आणि आजीनं मान उंच करून पातेल्यात पाहिलं.

“ताई, कोबी कुठंय?”

“कोबी कॅन्सल. आज माझा फास्ट आहे.”

“फास्ट?” आजी चपापली. “अरे देवा, तू आज काहीच खाणार नाहीस?”

“खाणार ना. हे बटाटे खाणार. साबुदाणा खाणार. दाणे, रताळं, वरीचे तांदूळ, दही, केळी...”

आजी बघत राहिली. मग तिच्या पोटातून एक आवाज निघाला. मला वाटलं प्लास्टर तडकलं. ती हसत होती.

“माझ्या आजीच्या आजीच्या वेळी बटाटा कुजला,” ती म्हणाली, “आणि आमचे लोक उपाशी मेले, उरलेले बोटींत बसून जगभर गेले. बटाटा नव्हता म्हणून उपास! आणि तुम्ही लोक बटाटा खाऊन उपास करता?”

“एकादशी, दुप्पट खाशी,” आई म्हणाली आणि मी ते भाषांतर करून सांगितलं. माझं तेवढं एकच इंग्रजी वाक्य आजीला पहिल्या फटक्यात कळलं.

“आणि गंमत ऐका,” मी म्हटलं, कारण लोक ऐकत असले की मला राहवत नाही. “बटाटा मूळचा अमेरिका खंडातला. इथून तो तुमच्याकडे गेला. तिथं रुसून बसला, म्हणून तुमची माणसं त्याला शोधत इकडे आली. तोवर तो आमच्याकडे येऊन देवाचा होऊन बसला होता.”

“हा शाळेतही असंच लिहायचा,” आई म्हणाली. “म्हणून मार्क नाही मिळाले.”

दुपारी गल्ली आली. हिरव्या टोप्या, हिरवे मोजे, एका गृहस्थाची हिरवी दाढी. पहिला घास घेतल्यावर मिरचीनं त्या दाढीचा रंग बदलला, हे मी शपथेवर सांगतो. पण त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं, आणि शेवटी पातेल्याच्या बाजूलाच खुर्ची ओढली. कोबीची आठवण एकालाही झाली नाही. कोणीतरी म्हणालंसुद्धा, यंदा खरी जुनी रेसिपी वाटते.

अशा गर्दीत मुलगी येऊन उभी राहिली. हातात बॅग. एक मोठी बॅग, आणि त्यात दुसरी रिकामी बॅग. आजीला ती रिकामी बॅग लगेच दिसली. मुलीनं पायऱ्या पाहिल्या, फ्रिज उघडून पाहिला, आईच्या हातचा घास खाल्ला, तिला ठसका लागला, पाणी प्यायली, आणखी एक घास खाल्ला. मग मला गाठलं.

“हे सगळे बटाटे कोणी सोलले?”

“तुमच्या आईनं,” मी म्हटलं. “एका हातानं. गाणं म्हणत. आम्ही फक्त साली उचलल्या.”

“खोटं बोलून राहिला हा!” आई पलीकडून म्हणाली. “मी सोलले. ह्यानं दोन सोलले, त्यातला एक बोटासकट.”

मुलगी हसली नाही. “तेच मी म्हणते,” ती हळूच म्हणाली. “आईला एकटीला जमत नाही.”

“एकटीला?” आईनं झारा खाली ठेवला. तिला खरंच समजलं नव्हतं. “सण एकटीनं कोण करतं, बाळा? आमच्याकडे एकटीनं सण करणाऱ्या बाईची लोक कीव करतात. जमणं म्हणजे काय? हाक मारली तर कोणी यायला पाहिजे. हिनं हाक मारली. आम्ही आलो.”

मुलीनं झारा उचलून आईच्या हातात परत दिला. मग तिनं नेमकं तेच विचारलं जे विचारायला नको होतं. “तुम्ही एप्रिलमध्ये परत जाणार ना? मग हाक कोणाला मारायची?”

हिरवी दाढी चावायची थांबली. आजी आईकडे पाहत होती, आई माझ्याकडे, बायको माझ्याकडे, आणि मला वाटतं पातेलंसुद्धा माझ्याकडे. मी आयुष्यभर भारंभार बोललो, पण त्या क्षणी तोंडात एक बटाटा होता.

मुलगी आजीसमोर खाली बसली. “मॉम, तू सांग. खरं सांग. माझं घर की हे?”

आजीनं प्लास्टरचा हात उचलला आणि टेबलावर असा आपटला की पेले नाचले.

“हेच!”

“काय म्हणालीस?”

“हेच!”

मी बटाटा गिळला आणि सांगितलं. मराठीत त्याचा अर्थ: हे, आणि दुसरं कुठलंही नाही. आणि ते तुमच्या पणजीचं अक्षरही आहे, ज्याला लोक बॉस्टनमध्ये हसले होते. ते नागपूरमार्गे इथं आलं, आणि आता ते या घरातून पुन्हा बाहेर काढायला मी तरी तयार नाही. “आणि हाकेचं म्हणाल तर,” मी म्हटलं, “कुंपणापलीकडे मी आहे. रोज सकाळी मी तिला ते अक्षर पाठवीन. ती उलट पाठवेल. नाही आलं तर मी धावत येईन.”

“ह्याला सकाळी उठवणार कोण?” बायको म्हणाली.

“तूच,” आई म्हणाली. असा तो करार झाला.

मुलीनं दुसरी बॅग रिकामी नेली नाही, मात्र ती भरली बटाट्याच्या भाजीच्या डब्यांनी. जाण्याआधी तिनं सुतार बोलावून पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा लावून घेतला, शेवाळ स्वतः घासलं, आणि तुंबलेलं गटरही साफ करून घेतलं. ते तुंबलेलं असल्याचं मी पूर्वीच सांगितलं होतं, हे मी तिला सांगितलं. तिलाही बटर ऐकू आलं.

आई नागपूरला परतली. आता आमच्या तिघांचा एक ग्रुप आहे. सकाळी दात घासताना मी एक अक्षर टाकतो. पलीकडून आजीचं अक्षर येतं. नागपुरात तेव्हा रात्रीची जेवणं आटोपलेली असतात. तिथून आईचं येतं. दुसरं काही आम्ही लिहीत नाही. माझ्या फोनवर या ग्रुपमध्ये वरपासून खालपर्यंत नुसती एच-एच-एच अशी शिडी आहे, आणि ऑफिसात कोणी डोकावलंच तर त्याला वाटतं, मला सतत धाप लागते.

परवा माझं अक्षर गेलं. आईचंही आलं. आजीचं नाही. मी चहा ठेवला. नाही. चहा ओतला. नाही. मग मी धावलो. अर्धी दाढी केलेली, एका पायात बायकोची चप्पल. कुंपण मी फाटकातून ओलांडलं की वरून, हे मला आठवत नाही, पण फळी मोडली आहे, त्यावरून समजा. हिरवं दार ठोठावलं. उघडेना. मागं गेलो.

आजी बटाट्याच्या वाफ्यात मांडी घालून बसली होती. प्लास्टर केव्हाच निघालेलं, दोन्ही हात कोपरापर्यंत मातीत.

“हेच कुठंय?” मी ओरडलो. श्वास लागल्यामुळे असेल, पण त्या एकादशीनंतर प्रथमच तिला माझा शब्द न् शब्द कळला.

“फोन आत राहिला, डार्लिंग,” ती म्हणाली आणि एक लालचुटूक बटाटा माझ्या हातात ठेवला. “एवढी वर्षं इंग्रजी बोलतोस, तुला एवढं माहीत नाही? हेच कधी कधी सायलेंट असतं.”